डावी टाचणी

फोटो आला तेव्हा वासंती पोह्यांवर शेव भुरभुरत होती. धारहून आलेला, भाच्याचा. खाली अजेयनं लिहिलं होतं, "मावशी, बघ काय मिळालं! नालछ्याच्या पुढे, मांडू रोडवरच्या झाडीत. एकदम जिवंत. नाव सांग न पटकन, आणि साइटवर कन्फर्म करून दे. रविवारच्या आधी, प्लीज."

देवासच्या मुलींच्या कॉलेजात वासंतीनं जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, आणि शिकवून उरलेल्या वेळात जन्मभर माशा बघितल्या. मिठाईवर बसतात त्या नव्हेत. दुसऱ्या किड्यांच्या पोटात वाढणाऱ्या, परजीवी. नातेवाइकांनी या गोष्टीची इतकी थट्टा केली होती की आता थट्टा करणारेच कंटाळले होते. निवृत्तीनंतर ती एका साइटवर रोज हजेरी लावायची. तिथं लोक किड्यांचे फोटो टाकत, कुठं आणि कधी दिसला ते लिहीत, आणि जाणकार त्याचं नाव सांगत. परजीवी माशी असली की भलेभले हात वर करत आणि लिहीत, देवासच्या वासंतीबाईंना विचारा. अजेयच्या फोटोखालीही एका परदेशी तज्ज्ञानं तेच लिहिलं होतं. बाईंनी हो म्हटलं तर माझंही हो.

तिनं बशी सारली, चष्मा पुसला आणि फोटो टॅबवर मोठा केला. हिरव्या पानावर एक कुबडी माशी बसली होती. कुबडी हे नाव वासंतीचंच. पाठ फुगून वर आलेली, आणि डोकं इतकं बारीक की देवाकडचं सामान संपत आलं असताना त्यानं मोहरीचा दाणा चिकटवून दिला असावा. त्या दाण्यावर डोळेच डोळे. या माशीची अळी कोळ्याच्या पायावरून चढते, सांध्यातून आत शिरते आणि कोळी जाळं विणत असतानाच त्याला आतून खात राहते. शेवटी कोळ्याचं टरफल तेवढं उरतं. अख्ख्या माळव्यात ही माशी वासंतीनं एकदाच पकडली होती, फार वर्षांपूर्वी, सतवासकडे. तिला नेमकं नाव द्यायचं मात्र तेव्हापासून राहूनच गेलं होतं.

म्हणजे ती अजून आहे! वासंतीला आनंदानं घाम फुटला. तिनं लगेच फोन लावला.

"अरे अजेय, शाब्बास! कुठं बसली होती? पानाच्या वर की खाली?"

"वर, मावशी. सकाळची दव पडलेली न, मस्त लाइट होती. मी किती वेळ सांस रोकून बसलो होतो, तुला काय सांगू."

"मग?"

"मग काय, फुर्र. उडून गेली. पण फोटो मिळून गेला न, बस."

मग त्यानं रविवारचं सांगितलं. मांडूच्या रस्त्यावर नवं रिसॉर्ट झालं होतं, तिथं निसर्गवाटाड्याची मोठी जागा त्याला मिळत होती. धारच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याचा सत्कार होता. भिंतीएवढा केलेला हा फोटो स्टेजवर लागणार होता आणि रिसॉर्टचे मालक तिथंच त्या जागेसाठी अजेयचं नाव जाहीर करणार होते. "फक्त तू कन्फर्म कर. ते लोक बोलले, एक्सपर्ट हाँ बोलल्याशिवाय अनाउन्स नाही करणार. तुझं पण नाव घेईन मी, मावशी."

वासंतीला बरं वाटलं. अजेयचं काहीच धड लागत नव्हतं. स्टुडिओ काढला, तो बसला. लग्नाचे फोटो काढायची त्याला लाज वाटायची. घर बायकोच्या शाळेवर चालायचं. मोठ्या बहिणीचा, अक्काचा, हा एकुलता एक. अक्का दर फोनला रडायची, आता तिचं रडं थांबेल म्हणून वासंती हसत हसत कामाला लागली.

काम म्हणजे पंखाच्या शिरा बघणं. कुठली शीर कुठं मिळते, मिशा डोक्यावर वर आहेत की खाली, पायाच्या टोकाशी काय आहे. दुपारभर तिनं जुनी चित्रं आणि नवे लेख पुढ्यात घेऊन एकेक खूण जुळवली. जुळलं. नाव सापडलं. इतक्या वर्षांचं राहिलेलं काम एका फोटोवरून झालं. तिनं साइटवर ते नाव लिहिलं आणि बटण दाबायला बोट उचललं.

आणि मग, कॉलेजात मुलींना सांगायची तसं, तिनं स्वतःलाच बजावलं की एकदा पुन्हा बघ.

डोळे जरा निस्तेज वाटत होते. जिवंत माशीच्या डोळ्यांत पाणी असावं तशी चमक असते. असेल, उजेड तिरपा असेल. पोट एका बाजूनं खपाटीला गेलं होतं. भुकेली असेल, असं मनात आलं आणि वासंतीचं तिलाच हसू आलं. हिला खायला तोंडच नसतं, भूक कसली! हसू ओसरलं. पाठीवर दवाचा एक थेंब होता, मोठा, गोल, देखणा. बाकी पानावर दवाचा टिपूस नव्हता. सगळं पान कोरडं आणि माशीच्या पाठीवर नेमका एक थेंब. तिनं थेंब मोठा केला.

थेंबाखालची पाठ थेंबानं दुप्पट करून दाखवली होती. तिथले केस गेलेले होते, आणि मधोमध काळं, गोल भोक होतं. पाठीच्या डाव्या बाजूला.

वासंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डाव्या बाजूला! जगात कुठंही जा, सुकवलेल्या किड्याला टाचणी पाठीच्या उजव्या बाजूला टोचतात. मधोमध टोचली तर ओळखीच्या खुणा जातात, म्हणून एक बाजू द्यायची आणि दुसरी राखायची, असा रिवाज. फक्त देवासच्या त्या एका प्रयोगशाळेत टाचणी डावीकडे जायची, कारण वासंतीचे गुरू बापूसाहेब डावखुरे होते. ते डाव्या हातानं डावीकडे टोचत, आणि त्यांचं बघून सगळ्या विद्यार्थ्यांनी तसंच उचललं. हे उलटं आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पुढं बाहेरून एक मोठे साहेब पेट्या बघायला आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "पूरा देवास उलटा है क्या?" बापूसाहेबांनी शांतपणे चहा पुढं केला आणि म्हणाले, "साहब, मक्खी को क्या फर्क पड़ता है." त्यानंतरही वासंती डावीकडेच टोचत राहिली.

तेव्हा ही माशी नालछ्याची नव्हती. ही तिचीच होती. सतवासच्या खाली नर्मदेकडे उतरणारा एक नाला होता, अर्जुनाच्या झाडांनी झाकलेला, भर उन्हाळ्यात गार. तिथं वासंतीनं जाळी मारली आणि जाळीत ही आली. बापूसाहेब धोतर सावरत नाचले होते. डब्यातला गूळ त्यांनी तिच्या हातावर ठेवला होता. मग बापूसाहेब गेले. मग धरणाचं पाणी मागं मागं चढत आलं आणि नाला, झाडं, उतरायची पायवाट, सगळं बुडालं. तो नाला कधीकाळी होता आणि त्यात असा जीव राहत होता, एवढं सांगणारी ही एकच माशी उरली होती, आणि तिच्या टाचणीवरची नखाएवढी चिठ्ठी.

आणि ती माशी अजेयकडे कशी, हे वासंतीला कुणी सांगायची गरज नव्हती. कॉलेजनं संग्रहाची खोली रिकामी केली तेव्हा सगळ्या पेट्या व्हरांड्यात आणून टाकल्या होत्या. वासंतीच्या घरात ओल. तेव्हा हाच अजेय गाडी घेऊन आला होता. "मावशी, मी सांभाळतो न. आपलं घर सूखं आहे एकदम." तेव्हा तिला भाच्याचा केवढा अभिमान वाटला होता! दरवर्षी धारला जाणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या हाती ती पेट्यांसाठी डांबराच्या गोळ्या पाठवायची.

तिनं लिहिलेलं नाव पुसलं. रात्री जेवली नाही. राग आला की तिला गिळवत नसे.

रविवारी सकाळी ती निघाली. इंदूरला गंगवाल स्टँडवर बस बदलली. शेजारच्या बाईनं लिमलेटची गोळी पुढं केली तर वासंतीनं तिच्याकडे असं बघितलं की बाईनं गोळी स्वतःच्याच तोंडात टाकली. बसभर तिनं वाक्यं जुळवली आणि मोडली. फोटो खोटा, एवढ्यावर तिचा राग थांबत नव्हता. तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. या एका माशीचं हे केलं, तर बाकीच्यांचं काय केलं असेल?

धारला मुंज तलावाजवळच्या अक्काच्या घरात गणपतीची आरती नुकतीच आटोपली होती. अक्का धावत दारात आली. "आलीस! मला वाटलंच होतं, तू भाच्यासाठी येणार." मागून अक्काचे यजमान उमाशंकर आले, हातात प्रसादाची वाटी घेऊन. नव्या कुर्त्यातला अजेय वाकून पाया पडला.

"मावशी, झालं न कन्फर्म? मी सकाळपासून दर पाच मिनटाला बघून राहिलो."

"माझ्या पेट्या कुठं आहेत?"

"पेट्या? आहेत न. वर. नंतर बघ, आधी चहा तर घे."

"चहा नको. पेट्या."

"मावशी, अभी सब बंद करून ठेवलंय, धूळ किती..."

"मी काढून देते," आतून अजेयची बायको श्रिया म्हणाली. ती पदराला हात पुसत बाहेर आली होती. नवऱ्यानं तिच्याकडे डोळे वटारले. तिनं ते न बघितल्यासारखं केलं आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढली.

पेट्या खाली आल्या. वासंतीनं जमिनीवर बसकण मारून पहिलीचं झाकण उघडलं. डांबराच्या गोळीचा वाससुद्धा आला नाही. आत टाचण्या उभ्या होत्या, ओळीनं, प्रत्येकीच्या खाली चिठ्ठी. कन्नौद. सतवास. देवास, टेकडीची मागची बाजू. नालछा. तारखा, सगळ्या वासंतीच्या अक्षरात, काही बापूसाहेबांच्या. वर माशी एकीवरही नव्हती.

दुसरी पेटी. टाचण्या. तिसरी. टाचण्या आणि तळाशी पंखांचा चुरा, तुटलेले पाय.

एखाद्या घरातली सगळी माणसं गेली आणि दारावरच्या पाट्या तेवढ्या राहिल्या, असं ते दिसत होतं.

"कुठं गेल्या?" वासंती म्हणाली.

श्रियाच बोलली. "मावशी, हे यांना वाफ देतात. माझ्या इडलीच्या कुकरात. वाफेनं पाय नरम होतात, मग पानावर गोंदानं चिपकवतात. फोटो झाला की निघत नाही, तुटून जाते. मग..." तिनं हातानं कचऱ्याकडे खूण केली. "मला बोलले की मावशींनी परमिशन दिली आहे. मी दोन वर्षं त्या कुकरात इडली केली नाही. मला वाटलं, तुम्हाला चालतं तर मी कोण बोलणार."

"तू चुप बस ग!" अजेय ओरडला.

"का? तिनं का गप्प बसायचं?" वासंती उठून उभी राहिली. तिचा आवाज गणपतीच्या आराशीपर्यंत गेला. "तू बोल. मला फोनवर काय सांगितलंस? श्वास रोखून बसलो होतो! फुर्र उडून गेली! अरे, इतकी वर्षं टाचणीवर असलेली माशी उडाली? माझ्याशी बोलताना तुझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही?"

"मावशी, हळू. शेजारी..."

"ऐकू दे शेजाऱ्यांना! ती कोळ्याला खाणारी अळी बरी रे. ती निदान सांभाळतो म्हणून गाडी घेऊन येत नाही. तिला खाल्ल्याशिवाय जगता येत नाही. तुला काय झालं होतं?"

अजेयचे कान लाल झाले. पण तो मागं हटला नाही, आणि त्यानं जे सांगितलं ते त्यानं मनात पुष्कळ वेळा घोळवलेलं दिसत होतं.

"बोलू मी? बोलू? त्या पेट्या तीस साल अंधारात पडून होत्या. कोणी बघितलं? तुझ्या कॉलेजनं कचऱ्यात फेकून दिल्या होत्या, याद आहे न? मी त्या माशा लोकांना दाखवल्या. हजारो लोकांनी बघितल्या, मावशी. बच्चे मला मेसेज करतात की आम्ही पण किडे बघतो आता. मेलेलीच होती न माशी? मी कोणाचा मर्डर केला? आणि सतवासचा तो नाला, तो तर आता आहेच नाही. त्याचं नाव लिहून कोणाला काय मिळणार? नालछ्याची झाडी अजून आहे. तिथे अशी माशी आहे असं लोकांना वाटलं, तर ती झाडी तरी वाचेल."

हे शेवटचं वासंतीला लागलं, कारण ते ऐकायला बरं होतं. एक क्षण तिच्या डोळ्यांपुढं ती झाडी आली, वाचलेली, हिरवी. मग तिला आणखीच संताप आला.

"नाही आहे तो नाला, म्हणूनच!" ती म्हणाली. "तो नाही आहे, म्हणूनच त्याचं नाव पुसायचं नसतं, एवढं तुला कळत नाही? पाण्यानं एकदा बुडवला. तू दुसऱ्यांदा बुडवतोस. आणि नालछ्याला उद्या खरोखर कुणी शोधायला आलं, अभ्यास करणारं पोरगं आलं, वर्षभर फिरलं आणि काही मिळालं नाही, तर ते काय लिहील? इथली माशी संपली. जी तिथं होती की नव्हती हेच कुणाला माहीत नाही, ती संपली म्हणून लिहील! तुझ्या एका थेंबापायी!"

"कोणता थेंब?"

"भोकावर ठेवलास तो. लपवायला ठेवलास न? त्यानंच दाखवलं मला."

उमाशंकर वाटी हातात धरून उभेच होते. त्यांनी घसा साफ केला. "वासंतीबाई, भोक काय, कशाचंही असू शकतं. मुलावर एवढा आळ घ्यायचा म्हणजे..."

"भाऊजी, अशी माशी कुणी इतक्यात फेकत नाही, घरातच असेल. विचारा त्याला."

श्रिया स्वयंपाकघरात गेली, फ्रिज उघडल्याचा आवाज आला आणि ती लोण्याचा डबा घेऊन आली. डब्यात ओल्या कापसावर तेच पान होतं, कडांनी काळवंडलेलं, आणि पानावर कुबडी. थेंब सुकून गेला होता.

वासंतीनं पर्समधून चिमटा काढला. तो तिच्या पर्समध्ये कंगव्यासारखा कायम असायचा. पायाखालचा गोंद तिनं नखानं, फुंकर घालत, एकेक करून सोडवला. पाठीमागचा एक पाय तुटला, तेव्हा ती कण्हली. मग पहिल्या पेटीतली कुबडीची, सतवासच्या नाल्याची टाचणी तिनं उपटली आणि चिठ्ठी काढून बाजूला ठेवली. माशी चिमट्यात धरली, टाचणीचं टोक डाव्या भोकावर ठेवलं आणि सोडलं. ढकलावं लागलं नाही. टाचणी खालपर्यंत गेली आणि माशी तिच्या जुन्या उंचीवर येऊन थांबली, जिथं टाचणीला गंजाचा डाग नव्हता.

"आता बोला, भाऊजी," चिठ्ठी पुन्हा खाली ओवत वासंती म्हणाली.

उमाशंकर वाटी देवापुढं ठेवून आत निघून गेले.

अक्का इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. तिनं सगळं बघितलं, आणि वासंतीला ठाऊक होतं की तिला सगळं कळलंही. पुढं होऊन अक्कानं तिचा दंड धरला.

"वासू, चुकला तो. मी त्याला दोन थोबाडीत देईन, तुझ्यासमोर. पण आज संध्याकाळचं होऊन जाऊ दे. तू कुठं खोटं बोलू नकोस. फक्त नाव लिही. नाव तर खरं आहे न? बाकीचं नको बोलूस. घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे. त्याला पहिल्यांदा काहीतरी लागतंय ग."

अक्कानं वासंतीच्या वेण्या घातल्या होत्या. प्राणिशास्त्र घ्यायचं म्हटल्यावर वडील भडकले, तेव्हा मध्ये पडली होती ती अक्काच. आणि आता ही बाई मागत होती ते किती थोडं होतं! एक शब्द लिहायचा, आणि तोही खरा. त्या खऱ्या शब्दाच्या आधारावर भिंतीएवढं खोटं उभं राहणार होतं, एवढंच.

"अजेय," ती म्हणाली, आणि या खेपेला ओरडली नाही. "तू स्वतः लिही. आत्ता. की ही माशी संग्रहातली आहे, सतवासची आहे, मी पानावर ठेवून फोटो काढला. मी संध्याकाळी तुझ्या शेजारी स्टेजवर उभी राहीन. फोटो चांगला आहे, हेही सांगेन. रिसॉर्टवाल्यांशी मी बोलेन."

अजेय हसला. ते हसणं वासंतीला त्याच्या सगळ्या खोटेपणापेक्षा जास्त झोंबलं.

"पागल आहे का मी? मरी हुई मक्खीवाल्याला कोण नोकरी देईल? तू नाही लिहिलं तर नको लिहू, मावशी. मी बोलून देईन की मावशीची तब्येत बरी नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला आता दिसत नाही नीट. दुसरं कोणी कन्फर्म करेल."

तर असं होतं. तिला दिसत नाही, असं तो सांगणार होता.

वासंतीनं पर्समधून फोन काढला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि उभ्या उभ्या लिहिलं. आधी माशीचं नाव, पूर्ण, जसं लावायचं इतकी वर्षं राहिलं होतं. मग खाली: "फोटोतली माशी मेलेली आहे. जागा नालछा नव्हे. सतवासच्या खालचा नाला, जो आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पकडणारी मीच. पाठीवर डावीकडे टाचणीचं भोक आहे. थेंबात बघा." हेच तिनं हिंदीत आणि इंग्रजीतही लिहिलं. घाई केली नाही. आणि बटण दाबलं.

अजेयच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो काढला, वाचला, आणि पाटावर बसावं तसा खाली जमिनीवर बसला. नव्या कुर्त्याला पेट्यांतून सांडलेला पंखांचा चुरा लागला.

अक्कानं वासंतीचा दंड सोडला.

"परवा आपल्याकडे महालक्ष्म्या येतात," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "येऊ नकोस."

महालक्ष्म्यांची पावलं दरवर्षी वासंतीच काढायची, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत, तांदळाच्या पिठानं. अक्काला ती जमत नसत, तिच्या हातची फेंगडी यायची. वासंतीच्या ओठावर काहीतरी आलं. ते तिनं गिळलं, आणि गिळताना पुन्हा संतापली. अक्कावर, स्वतःवर, कॉलेजवर, धरणावर, गाडी घेऊन आलेल्या त्या दिवसावर. पेट्या एकावर एक रचून ती दाराकडे निघाली.

श्रियानं दोन पेट्या तिच्या हातातून घेतल्या. दोघी रिक्षाकडे चालू लागल्या. आतल्या टाचण्यांवरच्या चिठ्ठ्या चालताना बारीक वाजत होत्या. वासंती रिक्षात बसल्यावर श्रिया म्हणाली, "मावशी, मी तो कुकर फेकून देते आज."

"फेकू नकोस. त्याच्या डोक्यात घाल," वासंती म्हणाली.

इंदूरची बस भरलेली होती. वासंतीला खिडकी मिळाली. बस सुटायच्या आत फोनवर घरच्या ग्रुपमधून तिला काढल्याची ओळ आली, आणि त्याखाली साइटवरून त्या परदेशी तज्ज्ञाची. थेंब बघितला, धन्यवाद, खेद वाटतो. तिनं फोन पर्समध्ये कोंबला. रिकाम्या पेट्या पायाशी होत्या, कुबडीची पेटी मांडीवर.

कंडक्टर आला आणि मांडीवरच्या पेटीला त्यानं हात घातला. "माताजी, ये ऊपर रख दूँ?"

"हात नको लावू!" वासंती इतक्या जोरानं ओरडली की पुढच्या बाकावरचं मूल रडायला लागलं. सगळी बस वळून बघू लागली. कंडक्टर दोन पावलं मागं सरकला.

"ऐसा क्या है भिया इसमें?" कुणीतरी मागून विचारलं.

"सतवास है," वासंती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून आता पाणी येत होतं, आणि ते तिनं पुसलं नाही.

कंडक्टरला वाटलं, बाई चुकून या बसमध्ये बसल्या. तो वाकून, समजुतीनं म्हणाला, "माताजी, ये गाड़ी सतवास नहीं जाती. ये तो इंदौर जाएगी."

"पता है मुझे," ती म्हणाली. "तिकीट दे."

रस्त्यावर खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला ती पेटी मांडीवरून अलगद वर उचलून धरत होती. टाचणीवर एकटी उभी असलेली माशी हलू नये म्हणून इंदूर येईपर्यंत तिनं तसंच केलं.